खिशात ३८ सेंट: अख्खी अमेरिका ज्याची गाणी गायची त्याला पैसे का नाही मिळाले?

मागच्या सीझनला मावसभावाचं लग्न होतं मडगावला, आणि संगीतच्या दोन दिवस आधी हॉलवाल्याचा फोन आला की म्युझिकचं लायसन्स काढलंय का. आमचे काका जाम भडकले. गाणी आमच्या पेनड्राइव्हमधली, स्पीकर आम्ही भाड्याने आणलेले, नाचणार पण आम्हीच, मग पैसे नक्की कुणाला आणि कशाचे द्यायचे? प्रश्न काही वेडगळ नाहीये. गोव्यात यावरून बराच गोंधळ झालेला आहे. २०२४ च्या जानेवारीत सरकारने परिपत्रक काढलं की लग्नात गाणी वाजवायला परवानगी लागत नाही आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे कायद्यात लग्नाला सूट आहे, पण ती कुठून कुठपर्यंत हे सरकारने परस्पर ठरवायचं नाही.

काकांना मी तेव्हा काही नीट सांगू शकलो नाही. पण "वाजवल्याचे पैसे कशाला?" याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला सापडलं ते दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका अमेरिकन माणसाच्या आयुष्यात. त्याचं नाव स्टीफन फॉस्टर. नाव ऐकलं नसेल तरी त्याची चाल तुम्ही ऐकलेली आहे, पैज लावतो. घरात कुणी कीबोर्डच्या क्लासला जात असेल तर 'ओह सुझॅना' कानावर पडलेलंच असणार. माझी भाची दोन महिने तेच वाजवत होती, शेवटी शेवटी कुकरची शिट्टीसुद्धा मला त्याच सुरात ऐकू यायला लागली.

आधी माणूस कोण ते बघू

फॉस्टरचा जन्म ४ जुलै १८२६ चा, पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिलचा. त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला बरोबर ५० वर्षं होत होती आणि योगायोग असा की जेफरसन आणि ॲडम्स हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष त्याच दिवशी वारले. मोठं कुटुंब, हा शेंडेफळ. घरच्यांना वाटायचं पोरगा कामाधंद्याला लागावा म्हणून त्याला सिनसिनाटीला भावाच्या बोटींच्या एजन्सीत हिशोबनीस म्हणून धाडलं. तिथे वह्या लिहिता लिहिता हा गाणी लिहायला लागला. शब्दही त्याचे, चालही त्याचीच. ३७ वर्षांच्या आयुष्यात दोनशेहून जास्त गाणी. आणि फक्त गाणी लिहून पोट भरायचं असं ठरवून जगलेला तो अमेरिकेतला जवळजवळ पहिलाच माणूस. म्हणजे या धंद्याचे नियम तयार व्हायच्या आधीच हा धंद्यात उतरला, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

तेव्हा 'गाणं विकणं' म्हणजे नक्की काय विकायचे?

कागद.

रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही, काहीच नाही. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये, फॉस्टर जाऊन तेव्हा १३ वर्षं झाली होती. त्या काळात बऱ्या परिस्थितीतल्या घरात पियानो असायचा आणि नवीन गाणं हवं असेल तर दुकानात जाऊन त्याचं छापील नोटेशन आणायचं, याला शीट म्युझिक म्हणतात. साधारण २५ सेंटला मिळायचं. घरी आणायचं, पियानोवर उभं करायचं आणि आपणच वाजवायचं, आपणच गायचं.

आता कॉपीराइट. शब्दातच अर्थ आहे, प्रत काढायचा हक्क. अमेरिकेत १८३१ च्या कायद्याने संगीताला हा हक्क मिळाला, पण फक्त छापायचा. म्हणजे फॉस्टरच्या गाण्याची प्रत परवानगीशिवाय छापली तर गुन्हा, पण तेच गाणं कुणी हजार माणसांसमोर तिकीट लावून गायलं तर? काही नाही. फॉस्टरला एक सेंटही देणं लागत नव्हतं.

आपल्याकडे नाटकाचं उदाहरण घ्या, लगेच कळेल. दीडशे रुपयांना नाटकाचं पुस्तक विकत आणलं म्हणून तुम्ही उद्या शिवाजी मंदिरला त्याचा प्रयोग लावू शकत नाही. पुस्तकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात छापलेलंच असतं की प्रयोगासाठी लेखकाची परवानगी आवश्यक. पुस्तकाचे पैसे वेगळे, प्रयोगाचं मानधन वेगळं, हे आपल्या हौशी नाटकवाल्यांनाही माहीत असतं. फॉस्टरच्या काळात अमेरिकेतल्या गाण्यांना ही बारीक अक्षरातली ओळच नव्हती. त्याला मिळालं तर पुस्तकाचं मिळायचं, प्रयोगाचं शून्य.

'ओह सुझॅना' सगळ्यांचं झालं, त्याचं सोडून

हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर आलं ११ सप्टेंबर १८४७ ला, पिट्सबर्गच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात. खरंच आइस्क्रीमचं दुकान, तिथे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम व्हायचे. पुढच्या वर्षी छापून आलं, आणि कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर १८४९ ला जी हजारो माणसं बोजाबिस्तारा बांधून पश्चिमेला निघाली त्यांचं ते जणू प्रवासगीतच झालं, शब्द बदलून बदलून गायचे, त्यात कॅलिफोर्निया घालायचे, सोन्याचं घमेलं घालायचे.

फॉस्टरने हस्तलिखितं ओळखीच्या गायकांना देऊन टाकली होती, कौतुकाने. त्यांनी ती परस्पर प्रकाशकांकडे नेली. डझनभराहून जास्त प्रकाशकांनी आपापल्या आवृत्त्या काढून पैसा केला, काहींवर तर फॉस्टरचं नावही नव्हतं. त्याच्या हाती या गाण्याचे १०० डॉलर आले असं सांगतात. गंमत म्हणजे त्याला यात नुकसान दिसलंच नाही, त्याला वाटलं अरे, गाण्याचे पैसे मिळतात की! आणि तो नोकरी सोडून पूर्णवेळ गीतकार झाला.

मग तो भोळा होता, असंच ना?

असंच सगळीकडे लिहिलेलं असतं, बिचारा कलावंत, व्यवहार कळत नव्हता वगैरे. मला हे पटत नाही. हिशोबनीस होता तो! १८४९ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड अँड कंपनीशी लेखी करार केला, प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे दोन सेंट. याला रॉयल्टी म्हणतात, म्हणजे एकरकमी पैसे न घेता दर विक्रीमागे हिस्सा घ्यायचा. त्या काळी गाणं लिहिणारे मिळतील ते पाचदहा डॉलर घेऊन मोकळे व्हायचे, त्यामानाने हा करार फारच पुढचा होता.

त्याची हिशोबाची वही आजही आहे. १८५७ पर्यंत कुठल्या गाण्याने किती दिले ते त्यात सेंटसकट लिहिलंय. 'ओल्ड फोक्स ॲट होम' चे १,६४७ डॉलर ४६ सेंट, 'माय ओल्ड केंटकी होम' चे १,३७२ डॉलर ६ सेंट, 'ओल्ड डॉग ट्रे' चे १,०८० डॉलर २५ सेंट. पहिल्या आकड्याला दोन सेंटने भागा, ऐंशी हजाराच्या वर प्रती निघतात. पियानो ही चैनीची वस्तू असतानाच्या काळात! आयुष्यभराची रॉयल्टी मिळून १५,०९१ डॉलर ८ सेंट. भरभराटीची अकरा वर्षं धरली तर वर्षाला १,३७१ च्या आसपास. मजुराला दिवसाला एखादा डॉलर मिळायचा तेव्हा, म्हणजे हा काही भिकारी नव्हता. बऱ्यापैकी पगारदार मध्यमवर्गीय म्हणा. फक्त ज्या माणसाची गाणी प्रत्येक थिएटरात, प्रत्येक बोटीवर, प्रत्येक चौकात चालू आहेत त्याचं उत्पन्न हे असं एखाद्या हेडक्लार्कसारखं.

नावसुद्धा दिलं

थिएटरात गाणारे कोण होते ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती मंडळी होती मिन्स्ट्रेल शोवाली. गोरे नट बाटलीचं बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे रंगवायचे आणि काळ्या गुलामांची टिंगल करत गाणी, नाच, पाणचट विनोद करायचे. तेव्हाच्या अमेरिकेतली ही सगळ्यात लोकप्रिय करमणूक. यातला ई. पी. क्रिस्टी हा बडा कंपनीवाला. १८५१ मध्ये 'ओल्ड फोक्स ॲट होम' छापून आलं तेव्हा कव्हरवर गीतकार-संगीतकार म्हणून क्रिस्टीचं नाव होतं. फॉस्टरने ते त्याला पैसे घेऊन दिलं होतं, कारण अशा गाण्यांशी आपलं नाव जोडलं जायची त्याला लाज वाटत होती, सभ्य घरातल्या दिवाणखान्यासाठीही तो लिहायचा ना. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याने क्रिस्टीला पत्र लिहिलं की माझं नाव परत लावू द्या, आता मी हे काम न लाजता करणार आहे. क्रिस्टी नाही म्हणाला. फॉस्टर मेला तेव्हाही कव्हरवर क्रिस्टीच होता. रॉयल्टी मात्र फॉस्टरला येत राहिली हे तेवढं बरं झालं.

जाता जाता, हा मिन्स्ट्रेल प्रकार आपल्या देशातही आला होता. डेव्ह कार्सन नावाच्या नटाने कलकत्त्यात इंग्रजांसमोर 'बंगाली बाबू'ची नक्कल करून टाळ्या घेतल्या, तिथे गुलाम आणि इथे बाबू, साचा तोच. त्याला अर्धेंदुशेखर मुस्तफी या बंगाली नटाने साहेब बनून, साहेबाचीच टर उडवून स्टेजवरच उत्तर दिलं. मला हा माणूस फार आवडला, पण तो वेगळा विषय झाला.

"पण दारूने घालवलं ना त्याने सगळं?"

हा आक्षेप येतोच. प्यायचा, खरं आहे, शेवटची वर्षं फारच. पण त्याच्या आधीचं एक वर्ष बघा, १८५७. खर्च कमाईपेक्षा जास्त, प्रकाशकाकडून उचल घेऊन घेऊन बाकी वाढलेली, आईवडील दोघंही दोनच वर्षांपूर्वी गेलेले. तेव्हा त्याने आतापर्यंतच्या सगळ्या गाण्यांची पुढची सगळी रॉयल्टी विकून टाकली. १,८७२ डॉलर २८ सेंटला.

कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल. कलमं आपली, मोहोर आपला, पण घरात नड आहे म्हणून व्यापाऱ्याला बाग उक्ती देऊन टाकायची. आंबा किती धरेल, भाव काय लागेल, ती पुढची गंमत व्यापाऱ्याची. फक्त आपल्याकडे एका हंगामाचा नाहीतर चार वर्षांचा करार करतात, फॉस्टरने पुढचे सगळेच हंगाम देऊन टाकले. आणि त्याने वेडेपणाने केलं असंही नाही, कारण तेव्हा समज असा होता की गाणं म्हणजे दोनतीन वर्षांचा माल, जुनं झालं की संपलं. गाणं शंभर वर्षं चालेल हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तोपर्यंत तसं कधी झालंच नव्हतं.

१८६० ला तो न्यूयॉर्कला गेला. त्यानंतर यादवी युद्ध. आता त्याला उचल द्यायला कोणी तयार नव्हतं म्हणून गाणं लिहायचं आणि आल्या भावात रोख विकायचं, शेवटी शेवटी तर नुसता पाट्या टाकल्यासारखा माल. बायको जेन मुलीला घेऊन परत पेनसिल्व्हेनियाला गेली आणि रेल्वेच्या तार ऑफिसात नोकरी करू लागली. जानेवारी १८६४ मध्ये बॉवरी भागातल्या एका स्वस्त हॉटेलात तो तापाने पडून होता, उठताना पडला, मानेला खोल जखम झाली. जॉर्ज कूपर नावाचा त्याचा तरुण जोडीदार, जो त्याला गाण्यांचे शब्द लिहून द्यायचा, त्याने त्याला बेलव्ह्यू हॉस्पिटलात नेलं. १३ जानेवारीला तो तिथेच वारला. चामड्याच्या पाकिटात ३८ सेंट आणि एक चिटोरं, त्यावर पेन्सिलने लिहिलेलं, "प्रिय मित्रांनो आणि हळव्या मनांनो". बहुतेक नव्या गाण्याची सुरुवात असावी.

आणि धंदा बघा कसा असतो. काही आठवड्यांत 'ब्यूटिफुल ड्रीमर' बाजारात आलं, फॉस्टरने मरणाआधी थोडेच दिवस लिहिलेलं शेवटचं गाणं अशी जाहिरात करून. प्रत्यक्षात त्याची कॉपीराइटची नोंद १८६२ ची, प्रकाशकाकडे ते पडून होतं.

"आणि गाणी तर वर्णद्वेषी आहेत, मग कौतुक कशाला?"

हा आक्षेप जास्त गंभीर आहे. कीबोर्डच्या पुस्तकातलं 'ओह सुझॅना' गोड आहे कारण त्यातलं दुसरं कडवं गाळलेलं असतं. मूळ गाण्यात तिथे विजेच्या धक्क्याने पाचशे काळी माणसं मेली असं एक वाक्य आहे, विनोद म्हणून, आणि माणसं या शब्दाऐवजी एक शिवी आहे. याला मी तरी "त्या काळी चालायचं" म्हणून सोडणार नाही, त्या काळीही ज्यांच्याबद्दल होतं त्यांना चालत नसणारच.

पण तो तिथेच थांबला नाही हेही खरं. १८४९ च्याच एका गाण्यात गुलाम नवरा आपल्या मेलेल्या बायकोसाठी रडतो आणि फॉस्टर तिला 'लेडी' म्हणतो, मिन्स्ट्रेलच्या जगात हे भलतंच होतं. 'माय ओल्ड केंटकी होम' हे १८५३ चं, गुलामगिरीवरच्या 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीवरून सुचलेलं, कच्च्या खर्ड्यात टॉमचं नावही आहे. विकला जाऊन दक्षिणेला चाललेला गुलाम घराचा निरोप घेतोय असं ते गाणं. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले नेते फ्रेडरिक डग्लस १८५५ मध्ये भाषणात म्हणाले होते की अशा गाण्यांनी गुलामांबद्दल सहानुभूती जागी होते.

आज तेच गाणं केंटकी डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीआधी वाजतं. दरवर्षी मे महिन्यातला पहिला शनिवार, मोठमोठ्या हॅट घातलेल्या बायका, हातात पुदिना घातलेली व्हिस्की, आणि दीड लाखाच्या आसपास लोक डोळ्यांत पाणी आणून गातात. त्यातल्या किती जणांना माहीत असतं हे विकल्या गेलेल्या माणसाचं गाणं आहे? १९२८ पासून ते राज्यगीत आहे आणि त्यात काळ्या लोकांसाठीचा हिणवणारा शब्द तसाच होता. १९८६ मध्ये जपानहून आलेल्या विद्यार्थ्यांनी विधिमंडळात ते मूळ शब्दांसकट गायलं, त्यांना कुठे माहीत होतं, जपानमध्ये फॉस्टरची गाणी शाळेत शिकवतात. सभागृहात चुळबुळ झाली आणि त्यानंतर तो शब्द बदलून 'लोक' असा केला. फ्लोरिडाच्या राज्यगीताचंही असंच, 'ओल्ड फोक्स ॲट होम' चे शब्द २००८ मध्ये बदलले. त्यातली सुवानी नदी त्याने नकाशात शोधून काढली होती, प्रत्यक्ष कधी बघितलीच नाही. पिट्सबर्गमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. त्यात फॉस्टर वर बसून लिहितोय आणि पायाशी बँजो वाजवणारा फाटक्या कपड्यातला काळा माणूस. पुतळा हलवला ते बरंच झालं असं माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

मग गायल्याचे पैसे कधीपासून?

१८९७ पासून. त्या वर्षी अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी संगीत सादर करायचा हक्कही संगीतकाराकडे आला, निदान कागदावर. पण अमलात कसा आणायचा, प्रत्येक हॉटेलात जाऊन कोण बसणार? म्हणून १९१४ मध्ये संगीतकारांनी ॲस्कॅप नावाची संघटना काढली, सगळ्यांच्या वतीने वसुली करणारी. आपल्याकडे १९६९ पासून आयपीआरएस हेच काम करते. न्यूयॉर्कच्या शॅनलीज नावाच्या रेस्टॉरंटने कोर्टात अगदी आमच्या काकांसारखा मुद्दा मांडला, आम्ही गाण्याचे वेगळे पैसे घेत नाही, लोक जेवायला येतात. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गाण्यामुळे गिऱ्हाईक येत नसतं तर तुम्ही गाणं ठेवलंच नसतं, तेव्हा द्या पैसे.

फॉस्टरच्या घरच्यांना तोपर्यंत काय मिळालं? तेव्हा कॉपीराइट २८ वर्षांचा असायचा आणि नंतर १४ वर्षं वाढवता यायचा. ती वाढ लेखक नसेल तर बायकोमुलांच्या नावावर व्हायची, त्यामुळे बाग उक्ती दिलेली असूनही जेन आणि मुलगी मॅरियन यांच्याकडे काही झाडं परत आली. त्याचे आले ४,१९९ डॉलर.

सगळ्यात वर कडी झाली ती १९४१ ला. ॲस्कॅपने दर वाढवले, रेडिओ कंपन्या म्हणाल्या आम्ही तुमची गाणीच लावत नाही. मग लावायचं काय? ज्याचा हक्क संपलाय, ज्याला पैसे द्यावे लागत नाहीत ते. फॉस्टरने बायकोवर लिहिलेलं 'जीनी विथ द लाइट ब्राउन हेअर' त्या वर्षी रेडिओवर इतकं वाजलं इतकं वाजलं की लोक म्हणायला लागले, जीनीचे केस पांढरे झाले असतील आता.

मग आपल्या लग्नात फॉस्टरचं गाणं लावलं तर?

हे काकांनीच विचारलं, मी ही सगळी गोष्ट सांगितल्यावर. आपल्याकडे शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे फॉस्टरचा केव्हाच संपला. पण कुण्या गायकाने वीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेलं 'ब्यूटिफुल ड्रीमर' पेनड्राइव्हवरून वाजवलंत तर त्या रेकॉर्डिंगवर कंपनीचा वेगळा हक्क आहे, तो जिवंत आहे. लग्नाच्या सुटीत बसलं तर ठीक, न्यू इयर पार्टीत नाही बसणार. भाचीने स्वतः कीबोर्डवर वाजवलं तर मात्र कुणाला काही द्यायचं नाही. काका म्हणाले, मग तिलाच बसवायची होती की संगीतला. भाचीने तिथल्या तिथे आपला दर सांगितला, एका गाण्याचे शंभर रुपये, आणि पैसे आधी.